गौतमीपुत्र आणि नहपान यांच्यावरील निबंधासाठी प्राथमिक साधने कोठे शोधावीत?

अश्मक_विद्यार्थिनी

नमस्कार. मी इतिहास विषयाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्राचीन भारताच्या पेपरसाठी मला सुमारे तीन हजार शब्दांचा निबंध लिहायचा असून ‘गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात क्षत्रप नहपानाचा केलेला पराभव आणि त्याचे पश्चिम दख्खनवरील परिणाम’ हा विषय मी निवडला आहे (गौतमीपुत्र हा सातवाहन राजा, तर नहपान हा क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती). आमच्या मार्गदर्शक बाईंची अट अशी आहे की निबंधात किमान चार प्राथमिक साधने प्रत्यक्ष वापरलेली दिसली पाहिजेत. एखाद्या पुस्तकातले वाक्य उचलून त्याखाली शिलालेखाचे नाव टाकलेले त्यांना चालणार नाही.

अडचण अशी की मला मिळालेल्या प्रत्येक पुस्तकात ‘नाशिकच्या लेखात म्हटले आहे’ एवढेच असते. कोणते लेणे, कोणता लेख, त्यात नेमके काय लिहिले आहे, याचा पत्ता लागत नाही. इंटरनेटवर शोधले तर एकाच परिच्छेदाच्या वीस नकला सापडतात. मला ब्राह्मी वाचता येत नाही आणि प्राकृताची ओळख बारावीच्या संस्कृतच्या आधारावर जेवढी होईल तेवढीच आहे. अशा परिस्थितीत शिलालेखाचे भाषांतर वापरले तर ते प्राथमिक साधन धरले जाईल का? आणि मूळ लेखांचे पूर्ण पाठ घरबसल्या मिळण्याची काही सोय आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लेणी_वाचक

विषय चांगला आहे, आणि त्याची साधने तुलनेने हाताशी आहेत हे तुमचे भाग्य समजा. मात्र शोधाला लागण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला’ हे जे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून आपण वाचत आलो, ते आजवर ज्ञात असलेल्या कोणत्याही शिलालेखात नाही. ते तीन वेगवेगळ्या पुराव्यांची जुळणी करून विद्वानांनी काढलेले अनुमान आहे. अनुमान सबळ आहे, परंतु ते अनुमान आहे हे दाखवून देणे आणि त्याचे तिन्ही धागे सुटे करून तपासणे, एवढे जरी तुम्ही केले तरी निबंध उभा राहील.

पहिला धागा नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरचा, म्हणजे आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो तिथला. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षाचा एक लेख आहे. वैजयंतीच्या सेनेच्या विजयी छावणीतून राजा गोवर्धन येथील अमात्य विण्हुपालित याला आज्ञा देतो की, अपरकाखडी गावातले दोनशे निवर्तने क्षेत्रफळाचे जे शेत आजवर उसभदाताने उपभोगले, ते आम्ही त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिले आहे. हा उसभदात म्हणजे नहपानाचा जावई उषवदात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. युद्धाचा इथे उल्लेखही नाही. शेत कोणाच्या ताब्यात होते आणि आता ते कोण देत आहे, एवढ्यावरून सत्ता बदलल्याचे कळते.

दुसरा धागा त्याच लेण्यातल्या मोठ्या लेखाचा. हा लेख गौतमीपुत्राचा नसून त्याची आई गौतमी बलश्री हिचा आहे, आणि तो तिच्या मुलाच्या नव्हे, तर नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे. त्यातच ‘खखरातवंसनिरवसेसकर’, म्हणजे क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा, आणि ‘सातवाहनकुलयसपतिथापनकर’, म्हणजे सातवाहन कुळाच्या यशाची पुन्हा प्रतिष्ठापना करणारा, ही प्रसिद्ध विशेषणे येतात. नहपानाचे नाव त्यात नाही. तिसरा धागा नाण्यांचा; त्याविषयी इथले नाण्यांचे अभ्यासक अधिक अधिकाराने लिहितील.

आता मला सर्वांत जास्त आवडणाऱ्या लेखाविषयी, जो विद्यार्थी सहसा वगळतात. अठराव्या वर्षाच्या आज्ञेखालीच चोविसाव्या वर्षाची दुसरी आज्ञा कोरलेली आहे. ती गोवर्धनचा तेव्हाचा अमात्य सामक याला उद्देशून असून राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने निघालेली आहे. तिचा आशय असा: काखडी गावातले जे शेत आम्ही पूर्वी भिक्षूंना दिले होते, ते शेत कसले जात नाही आणि ते गाव वसत नाही, तेव्हा नगराच्या हद्दीवर आमच्या मालकीचे जे शेत आहे, त्यातून शंभर निवर्तने या भिक्षूंना द्यावीत. पुढे त्या शेताला मिळणाऱ्या सवलती येतात: राजपुरुषांनी तिथे शिरू नये, मिठासाठी खणू नये, वगैरे.

हा कागद नीट वाचा. जिंकलेल्या प्रदेशातले एक गाव ओस पडले आहे, दान दिलेली जमीन पडीक आहे, भिक्षूंनी बहुधा तक्रार केली आहे, आणि सहा वर्षांनी सरकार निम्म्या क्षेत्रफळाची पर्यायी जमीन देत आहे. ‘परिणाम’ हा शब्द तुम्ही विषयातच घातला आहे, आणि परिणामांचा याहून जवळचा पुरावा मिळणे कठीण. गाव ओस का पडले हे मात्र लेख सांगत नाही. युद्धामुळे पडले असे लिहिण्याचा मोह होईल, पण तसे लिहायचे तर ते तुमचे अनुमान आहे हे त्याच वाक्यात स्पष्ट करा.

भाषांतराविषयी: पदवीच्या निबंधात प्रमाणित पाठासह छापलेले भाषांतर प्राथमिक साधन म्हणून धरले जाते, हरकत नसावी. फक्त भाषांतर कोणाचे ते सांगा, आणि ज्या दोन-चार शब्दांवर तुमचा मुद्दा उभा आहे ते मूळ पाठात शोधून पाहा. देवनागरी किंवा रोमन लिप्यंतर समोर असले की बारावीच्या संस्कृतवर ‘खेत’ आणि ‘गाम’ ओळखता येतात.

ग्रंथालयाच्या_तळघरातून

लेणी_वाचक यांनी काय वाचावे ते सांगितले. ते कोठे मिळेल ते मी सांगतो.

नाशिकच्या लेखांचे प्रमाणित संपादन फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या कोरीव लेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात केले. हा खंड १९०५-०६ चा आहे. त्यात प्रत्येक लेखाचा रोमन लिपीतला पाठ, इंग्रजी भाषांतर, टिपा आणि ठशांची छायाचित्रे आहेत. बलश्रीचा लेख तिथे क्रमांक दोनवर, अठराव्या वर्षाची आज्ञा क्रमांक चारवर आणि चोविसाव्या वर्षाची पाचवर आहे. त्यांनीच संपादित केलेले कार्ल्याचे लेख आदल्या, म्हणजे सातव्या खंडात आहेत. हे जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन स्वरूपात मोफत उपलब्ध आहेत. शोधताना खंडाचा क्रमांक रोमन अंकांत आणि अरबी अंकांत असा दोन्ही प्रकारे टाकून पाहा, कारण स्कॅन करणाऱ्यांनी नावे कशीही दिलेली आहेत.

एखादा लेख कोणत्या खंडात आहे हे माहीत नसेल तर ल्यूडर्स यांची ब्राह्मी लेखांची सूची उघडावी. ती ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दहाव्या खंडाची पुरवणी म्हणून १९१२ साली निघाली. तिच्यात प्रत्येक लेखाला एक क्रमांक, दोन-चार ओळींचा सारांश आणि तोवरच्या सर्व प्रकाशनांचे संदर्भ आहेत. दुय्यम पुस्तकांत ‘ल्यूडर्स क्र. ११२३’ असे तुटक काही दिसले तर ते याच सूचीकडे बोट दाखवत असते. हा विशिष्ट क्रमांक बलश्रीच्या लेखाचा आहे. माझ्या मते विद्यार्थ्याने या विषयात सर्वांत आधी हीच सूची वापरायला शिकावे. दुर्दैवाने तिचे नावही वर्गात कोणी काढत नाही.

मराठीतून वाचायचे असेल तर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या इतिहासाचा व कोरीव लेखांचा ग्रंथ घ्या. त्याच्या पहिल्या भागात इतिहास आहे आणि पुढच्या भागात लेखांचे पाठ व भाषांतरे आहेत. इथे एक सावधगिरी हवी. पहिल्या भागातले मिराशींचे मत हे दुय्यम साधन आणि दुसऱ्या भागात त्यांनी छापलेला पाठ हे प्राथमिक साधन, असा एकाच जिल्दीत दोन्हींचा मुक्काम आहे. तळटीप देताना कोणत्या भागातले पान आहे हे पाहून द्या. आणि सेनार व मिराशी यांचे वाचन जिथे वेगळे पडते तिथे थांबा. निबंधाला वजन येते ते अशाच जागी.

आणखी एक सोय म्हणजे १८८३ साली निघालेले नाशिक जिल्ह्याचे जुने गॅझेटियर. पांडवलेण्यांवरच्या त्याच्या प्रकरणामागे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे काम आहे. वाचन जुने आहे, पुष्कळ ठिकाणी पुढे सुधारले गेले आहे, पण कोणते लेणे कोठे आहे आणि कोणता लेख कोणत्या भिंतीवर आहे याचे वर्णन इतके बारीक आहे की लेण्यांत जाण्यापूर्वी ते वाचावेच. तुम्ही नाशिकच्या आसपास राहत असाल तर जरूर जाऊन या; लेणी मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच आहेत.

टाकसाळ

नाण्यांचा धागा माझ्याकडे सोपवला आहे, म्हणून लिहितो.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याची तपशीलवार माहिती एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रॅप्सन यांनी तयार केलेली ब्रिटिश म्युझियममधील आंध्र व पश्चिमी क्षत्रप नाण्यांची सूचीही प्रसिद्ध झाली. दोन्ही जुनी प्रकाशने असल्यामुळे त्यांचे स्कॅन मिळतात. रॅप्सनच्या सूचीच्या शेवटी छायाचित्रांचे फलक आहेत. ते सोडून केवळ प्रस्तावना वाचू नका.

फलकावर काय पाहायचे ते सांगतो. नहपानाच्या मूळ नाण्यावर एका बाजूला राजाचा मुखवटा आणि कडेने ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत त्याचे नाव असते. गौतमीपुत्राने त्यावर एका बाजूला कमानींचा चैत्य आणि ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ ही अक्षरे, आणि दुसऱ्या बाजूला तथाकथित उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळे असलेला क्रॉस) ठोकले. नाणे वितळवलेले नाही, घासलेलेही नाही. त्यामुळे अनेक नाण्यांवर चैत्याच्या कमानींमधून नहपानाचे नाक आणि कपाळ डोकावताना दिसते आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे काठावर शिल्लक राहतात. एका राजाच्या तोंडावर दुसऱ्याने मारलेला शिक्का इतक्या उघडपणे हातात धरता येतो, हे या विषयाचे वैभव आहे.

आता तुमच्या निबंधाला उपयोगी पडेल असा प्रश्न. साठ्यातल्या उरलेल्या जवळजवळ एक तृतीयांश नाण्यांवर नवा छाप नाही. म्हणजे छाप मारलेली आणि न मारलेली नाणी एकत्रच पुरली गेली होती. लोक दोन्ही स्वीकारत होते का? छाप मारण्याचे काम अर्धवट राहिले होते का? आणि मुख्य म्हणजे, नहपान जिवंत असताना त्याचा पराभव करून हे छाप मारले, की त्याच्यानंतर बऱ्याच काळाने बाजारात फिरत असलेल्या त्याच्या नाण्यांवर मारले? छाप एवढेच सांगतो की गौतमीपुत्राच्या हाती नहपानाची नाणी मोठ्या संख्येने आली आणि ती त्याला आपल्या नावाने चालवायची होती. बाकी सर्व आपण जोडतो.

प्रत्यक्ष नाणी पाहायची असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथे आधी पत्र लिहून गेलेले बरे.

अश्मक_विद्यार्थिनी

तिघांचेही मनापासून आभार. सेनार यांचा खंड मिळाला, आणि चोविसाव्या वर्षाची आज्ञा वाचली. त्या पडीक शेताविषयी एकाही पाठ्यपुस्तकाने मला कधी सांगितले नव्हते.

आता माझा आराखडा असा आहे: अठराव्या वर्षाची आज्ञा, चोविसाव्या वर्षाची आज्ञा, बलश्रीची प्रशस्ती आणि जोगळटेंभीची नाणी. प्रशस्तीत गौतमीपुत्राच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी आहे: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदभ आणि आकरावंती. यावरून नकाशा काढून ‘नहपानाच्या पराभवानंतर सातवाहन राज्य सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंत पसरले’ असा निष्कर्ष मांडला तर चालेल का? शिवाय माझ्या साधनांच्या यादीत नहपानाच्या बाजूचे एकही साधन नाही, ते असायला हवे असे वाटते.

लेणी_वाचक

नकाशा काढा, पण त्याचे शीर्षक ‘गौतमीपुत्राचे राज्य’ असे न देता ‘बलश्रीच्या लेखातील प्रदेश’ असे द्या. ही प्रशस्ती मुलाच्या पश्चात, नातवाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजीने दान देताना कोरवून घेतली आहे. तिचा मुलगा तिच्या लेखी राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा पराक्रमी आहे आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आहे. अशा मजकुरातली प्रदेशांची यादी खोटीच असेल असे मुळीच नाही, परंतु ती दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहिल्याशिवाय नकाशावर रंग भरू नयेत.

ताडून पाहण्याची सोय गिरनारच्या पायथ्याशी आहे. जुनागढच्या ज्या खडकावर अशोकाच्या आज्ञा आहेत, त्याच खडकावर नहपानानंतरच्या दुसऱ्या क्षत्रप घराण्यातला महाक्षत्रप रुद्रदामन याचा संस्कृत लेख असून त्यात ७२ वे वर्ष दिलेले आहे. ते शक संवताचे धरले तर इसवी सन १५० च्या सुमाराचा काळ येतो. कीलहॉर्न यांनी केलेले त्याचे संपादन एपिग्राफिया इंडिकाच्या त्याच आठव्या खंडात आहे, म्हणजे तुमच्याकडे उतरवलेल्या फाइलमध्येच ते आहे. त्यात रुद्रदामन स्वतःच्या पराक्रमाने मिळवलेल्या प्रदेशांची यादी देतो. दोन्ही याद्या शेजारी शेजारी मांडा. आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर आणि अपरांत ही पाच नावे दोन्हींकडे आहेत. असिक, असक, मुळक आणि विदभ ही नावे मात्र फक्त बलश्रीच्या यादीत आहेत. उत्तरेकडचे आणि कोकणपट्टीचे प्रदेश दोन घराण्यांमध्ये हातबदल होत राहिले, आणि गोदावरीच्या खोऱ्यावर क्षत्रपांनी तेव्हा दावाही सांगितला नाही, असे त्यातून दिसते. नकाशा काढायचाच तर तो या दोन याद्यांचा काढावा. मला वाटते निबंधातले सर्वांत जोरकस पान तेच ठरेल.

याच लेखात रुद्रदामन म्हणतो की दक्षिणापथपती सातकर्णीला मी दोनदा उघड युद्धात जिंकले, परंतु नाते जवळचे असल्यामुळे त्याचा नाश केला नाही. हा सातकर्णी नेमका कोण, यावर वाद आहे. कान्हेरीच्या एका खंडित लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असून ती एका महाक्षत्रपाची कन्या असल्याचे म्हटले आहे. त्या महाक्षत्रपाच्या नावाचे ‘रु’ एवढेच अक्षर उरले आहे. दोन्ही लेख एकत्र वाचले की सोयरीक समोर येते. हा भाग तुमच्या विषयाच्या थोडा पुढचा आहे, एका तळटिपेत मावेल.

नहपानाच्या बाजूचे साधन असावे ही तुमची जाणीव अगदी योग्य आहे, आणि त्यासाठी डोंगर बदलावा लागत नाही. पांडवलेण्यांतले दहावे लेणे उषवदाताचे आहे. सेनार यांच्या क्रमवारीतला बारावा लेख काढा. उषवदाताने गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायम ठेव म्हणून ठेवले: एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. मोठ्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे. हिशेब करून पाहा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न पै जुळते. हा व्यवहार निगमसभेत (नगरसभेत) जाहीर करून फलकावर नोंदवल्याचेही लेखात आहे.

आता प्रश्न असा उभा राहतो की सत्ता बदलल्यावर या ठेवीचे काय झाले? लेख गप्प आहेत. परंतु भिक्षुसंघ तिथेच राहिला आणि जिंकणाऱ्या राजाने त्याच संघाला, हरलेल्या पक्षाच्या माणसाने उपभोगलेले शेत दिले, हे आपल्याला दिसते. कार्ल्यालाही हेच घडले: उषवदाताने वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, भिक्षूंना दिलेले करजिक गाव पुढे सातवाहन राजाच्या आज्ञेने, मामाडच्या अमात्यामार्फत, त्याच भिक्षूंना पुन्हा दिले गेले. मामाड म्हणजे आपले मावळ. कार्ल्याच्या आज्ञेतले राजाचे नाव झिजले आहे, पण ती गौतमीपुत्राचीच मानली जाते. शत्रूने दिलेले दान नव्या राजाने स्वतःच्या नावाने पुन्हा देणे, हे जोगळटेंभीच्या नाण्यांवर मारलेल्या छापाशी किती जुळते, हे मी तुमच्यावर सोपवतो.

बंदरावरून

उशिरा लिहितो आहे, तरी दोन गोष्टी राहून गेल्या आहेत असे वाटते.

पहिली कालनिर्णयाची. उषवदाताच्या नाशिकच्या लेखांत ४१, ४२ आणि ४५ ही वर्षे येतात, आणि जुन्नरच्या लेण्यांत नहपानाचा अमात्य अयम याच्या लेखात ४६ वे वर्ष येते. ही वर्षे शक संवताची मानली तर नहपान इसवी सन १२४ पर्यंत येतो. परंतु ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत बारुगाझाच्या, म्हणजे भडोचच्या परिसराचा राजा म्हणून ‘मंबानोस’ असे नाव आहे. तो नहपानच असावा असे पुष्कळांना वाटते, आणि पेरिप्लस आता सामान्यतः पहिल्या शतकाच्या मध्यातला धरला जातो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरल्या तर सुमारे अर्ध्या शतकाची ओढाताण होते. म्हणून एक पक्ष ती वर्षे शक संवताची मानत नाही. निबंधात तुम्ही एकच सन लिहून मोकळ्या होऊ नका. कोणते सन कोणत्या गृहीतावर उभे आहे ते एका वाक्यात सांगा. टाकसाळ यांचा ‘नहपान जिवंत असताना की नंतर’ हा प्रश्नही इथेच येऊन मिळतो.

पेरिप्लसचे शॉफ यांनी केलेले १९१२ सालचे इंग्रजी भाषांतर मोफत मिळते. कॅसन यांचे १९८९ चे भाषांतर अधिक विश्वसनीय आहे, ते ग्रंथालयात पाहावे. तुमच्यासाठी ४१ आणि ५० ते ५२ ही प्रकरणे पुरेत. बारुगाझाच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असे त्यात सांगितले आहे. शिवाय कल्याण बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात बारुगाझाला नेली जातात असेही म्हटले आहे. पश्चिम दख्खनवरचा परिणाम शिलालेखांच्या बाहेरून पाहण्याची ही एक खिडकी आहे.

दुसरी गोष्ट, काय टाळावे. पुराणांतल्या आंध्र राजांच्या याद्या पार्गिटर यांनी १९१३ साली एकत्र करून पाठभेदांसह छापल्या आहेत, त्या जरूर चाळा. पण राजांची संख्या आणि राज्यवर्षे पुराणागणिक बदलतात, त्यामुळे त्यांवरून गौतमीपुत्राचा सन काढण्याच्या फंदात तीन हजार शब्दांत पडू नये. जैन आवश्यक-निर्युक्ती या ग्रंथाच्या परंपरेत भडोचच्या नहवाहनाला पैठणच्या राजाने वेढा घातल्याची आणि त्याचा खजिना दानधर्मात संपवून त्याला जिंकल्याची कथा आहे. कथा मोठी गमतीची आहे, पण ती घटनेच्या पुष्कळ नंतरची आहे. ती पराभवाचा पुरावा म्हणून न वापरता, हा संघर्ष लोकांच्या स्मरणात राहिला याचा पुरावा म्हणून वापरता येईल.

अश्मक_विद्यार्थिनी

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. विषयाचे शीर्षक बदलण्याची परवानगी मी बाईंकडे मागितली आणि ती मिळाली. आता ‘गौतमीपुत्र, उषवदात आणि त्रिरश्मीचा भिक्षुसंघ: सत्तांतराचे पुरावे’ असा विषय आहे. साधने: तिसऱ्या लेण्यातले तिन्ही लेख, दहाव्या लेण्यातला ठेवीचा लेख, जोगळटेंभीचा साठा आणि तुलनेपुरता जुनागढचा लेख. पेरिप्लस कालनिर्णयाच्या परिच्छेदात येईल.

शेवटची शंका तळटिपांविषयी. लेखाचा उल्लेख नेमका कसा करावा? सेनार, ल्यूडर्स आणि मिराशी या तिघांचेही क्रमांक वेगवेगळे आहेत.

ग्रंथालयाच्या_तळघरातून

पहिल्या उल्लेखात सर्व द्या: ठिकाण, लेण्याचा क्रमांक, राजा व राज्यवर्ष, मग संपादकाचे नाव, खंड, सेनार यांचा क्रमांक व पृष्ठ, आणि शेवटी ल्यूडर्सचा क्रमांक. त्यानंतर ‘नाशिक, गौतमीपुत्र, वर्ष २४’ एवढे लिहिले तरी वाचकाला समजते. मिराशींचा क्रमांक फक्त त्यांचे वाचन किंवा भाषांतर वापरले असेल तेथेच द्या. मूळ खंड न पाहता मिराशींच्या पुस्तकातून सेनार यांचे मत घेतले असेल तर तसे स्पष्ट लिहा. परीक्षकाला ते चालते, लपवलेले मात्र चालत नाही. आणि जोगळटेंभीसाठी स्कॉट यांच्या लेखाचे पान द्या, रॅप्सनच्या फलकावरचे एखादे विशिष्ट नाणे वापरले असेल तर फलकाचा आणि नाण्याचा क्रमांक वेगळा द्या.